तुमच्या डोळ्यांसाठी आमची कातडी

१५ मार्च २०२४ रोजी महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागानं शिक्षकांनी काय घालावं याबद्दल एक शासन निर्णय काढला. जीन्स नको, टी-शर्ट नको, गडद रंग नकोत, चित्रंबित्रं छापलेले कपडे नकोत. शिक्षिकांनी साडी किंवा सलवार-कुर्ता-दुपट्टा. शिक्षकांनी शर्ट आणि पँट, आणि शर्ट पँटमध्ये खोचलेला. त्यावर जी काय चर्चा झाली ती बहुतेक जीन्सवर. मी अडकलो तो 'खोचलेला' या शब्दावर.

शर्ट खोचल्यावर काय होतं ते जरा बारकाईनं पाहा. शर्टाचा खालचा वीतभर भाग पँटच्या आत चुरगळून बसतो. त्यावर पँटची पट्टी, तिच्यावर बेल्ट. बसलात की ती चुणी पोटात रुतते, उठलात की सरकते, हात वर करून फळ्यावर लिहिलंत की अर्धी बाहेर येते आणि कमरेच्या एका बाजूला गोळा होते. बहुतेकांना हे पहिल्या पाच मिनिटांनंतर जाणवतही नाही. पण शाळा सुटेपर्यंत प्रत्येक मिनिटाला जाणवतं अशीही माणसं या राज्यात आहेत, आणि ही गोष्ट सरकारला चांगली ठाऊक आहे. ऑटिझमचं प्रमाणपत्र देताना आपल्याकडे आयएसएए नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात ४० मुद्दे आहेत, सहा गटांत वाटलेले, आणि त्यातला एक अख्खा गट संवेदनांचा आहे. म्हणजे एका टेबलावर डॉक्टर लिहून देतो की या माणसाला स्पर्श, आवाज, उजेड इतरांपेक्षा वेगळे जाणवतात. शेजारच्या टेबलावरून आदेश निघतो, शर्ट खोचा.

मला ऑटिझम आहे हे मला वयाच्या सव्विसाव्या वर्षी कळलं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, गाव देवरूख. हे एवढ्यासाठीच सांगतो की पुढे जे लिहिणार आहे ते कुणी पुस्तकातून उचललेलं समजू नये. बाकी माझ्या आयुष्यात फार रस घेण्यासारखं काही नाही.

आधी एक गैरसमज. लोकांना वाटतं की स्पर्शाची अडचण म्हणजे नाजूक कातडी. तसं नाही. कातडी तुमच्यासारखीच आहे. फरक पुढच्या टप्प्यावर आहे. तुम्ही सकाळी अंगात शर्ट घालता तेव्हा तुमच्याही मेंदूला कॉलर, शिवण, बटणं, मानेमागचं लेबल या सगळ्याची बातमी जाते. थोड्या वेळानं मेंदू ठरवतो, ही जुनी बातमी आहे, आता नको. तुम्ही शर्ट विसरता. हे विसरणं ही मेंदूची मोठी सेवा आहे आणि ती फुकट मिळते म्हणून तिची किंमत कळत नाही. २०१५ साली 'जामा सायकियाट्री' या नियतकालिकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या संशोधकांचा एक अभ्यास आला. त्यांनी ऑटिझम असलेल्या मुलांच्या अंगाला खरखरीत लोकरीचं कापड लावलं, सोबत रहदारीचा आवाज ऐकवला आणि मेंदूचं स्कॅन केलं. ज्या मुलांना स्पर्श-आवाजाचा त्रास जास्त होता, त्यांच्या मेंदूत ही 'जुनी बातमी' म्हणून बाजूला टाकण्याची क्रियाच मंद होती. धोक्याची जाणीव करून देणारा मेंदूचा भाग पुन्हा पुन्हा जागा होत राहिला. २०१३ साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं 'डीएसएम-५' आणलं, तेव्हापासून संवेदनांचं हे वेगळेपण ऑटिझमच्या निकषांतच आहे. लहरीपणा, लाड, नाटक या शब्दांची मुदत त्या वर्षी संपायला हवी होती.

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर ही बॅकग्राउंडला चालू राहिलेली, बंदच होत नसलेली प्रोसेस आहे. स्क्रीनवर काही दिसत नाही. मशीन मात्र तापत जातं आणि बाकी सगळं हळू चालतं.

(जाता जाता: मराठीत ऑटिझमला 'स्वमग्नता' म्हणतात. हा शब्द ज्यानं केला त्याचा हेतू चांगलाच असणार. पण कॉलरच्या आतली एक शिवण आठ तास ऐकणाऱ्या माणसाला 'स्वतःत मग्न' म्हणणं म्हणजे पुरात अडकलेल्याला जलविहारी म्हणण्यासारखं आहे. म्हणून मी ऑटिझमच म्हणतो.)

गंमत अशी की मराठीला हे सगळं माहीत आहे. कपडा काचतो, टोचतो, बोचतो, खुपतो, रुततो, खाजतो, अंगाला चिकटतो, आणि नवा जोडा तर चक्क चावतो. इतकी क्रियापदं ज्या भाषेनं केली तिच्या माणसांना कपडा त्रास देतो हे पटवून द्यावं लागू नये. पण आपण एका बाजूनं 'जोडा चावतो' म्हणतो आणि दुसऱ्या बाजूनं 'चारचौघांत जायचंय, थोडं सहन कर' म्हणतो. हे 'थोडं' किती हे मोजण्याची जबाबदारी ज्याला चावत नाही त्याच्याकडे कशी गेली?

माझं म्हणणं साधं आहे. कपड्याला दोन बाजू असतात. बाहेरची बाजू बघणाऱ्यासाठी, आतली बाजू घालणाऱ्यासाठी. समारंभाला, कचेरीला, मुलाखतीला कसं दिसावं याबद्दल यजमानाला किंवा साहेबाला काही म्हणायचं असेल तर ते त्यानं बाहेरच्या बाजूबद्दल म्हणावं. स्वच्छ असावं, अंगाला बसणारं असावं, इस्त्री केलेलं असावं, प्रसंगाला शोभेल अशा रंगाचं असावं. मान्य. पण आतल्या बाजूवर त्याचा काडीचाही हक्क नाही. कापड कुठलं, अस्तर कसलं, कॉलर कडक की मऊ, गळ्याचं बटण लावलेलं की उघडं, मोजे आहेत की नाहीत, शर्ट आत की बाहेर: या गोष्टी बघणाऱ्याच्या डोळ्यांना फार तर अर्धा सेकंद लागतात. घालणाऱ्याच्या अंगाला दिवसभर.

आणि हल्ली जे 'फॉर्मल' म्हणून विकलं जातं त्याची आतली बाजू खरोखर वाईट असते. 'इस्त्रीची गरज नाही' असं लिहिलेले शर्ट घ्या. त्या सुतावर रसायनाचा थर चढवून ते आखडवलेलं असतं, म्हणून तर सुरकुती पडत नाही. कॉलरमध्ये बकरम घालून ती पुठ्ठ्यासारखी केलेली असते. ब्लेझरला आतून पॉलिएस्टरचं अस्तर. सूत हवेतून स्वतःच्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास ओल शोषतं, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणजे घाम जिथे येतो तिथेच राहतो. मे महिन्यात देवरूखला असा ब्लेझर घालून उभं राहिल्यावर काय होतं ते ऑटिझम नसलेल्यांनाही ठाऊक आहे. त्यात जरीचं काम असेल तर विचारूच नका. जरीच्या कापडाची सुलटी बाजू राजाची आणि उलटी बाजू घायपाताची. मागे सुटलेले धागे आणि धातूची कडा थेट अंगाला लागते. काठाच्या साडीचा ब्लाउज अस्तराशिवाय शिवला की काखेत काय होतं ते कुठल्याही बाईला विचारा.

यातलं काहीही अटळ नाही. हेन्स या अमेरिकन कंपनीनं २००२ साली मानेमागचं लेबल काढून टाकून ते कापडावरच छापायला सुरुवात केली आणि त्याची जाहिरात मायकेल जॉर्डनला घेऊन केली. ऑटिझम असलेल्यांसाठी नव्हे, सगळ्यांसाठी. लेबल सगळ्यांनाच टोचत होतं, फक्त बाकीचे विसरत होते.

आता मुलाखतीबद्दल. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी प्लेसमेंटसाठी आमच्या कॉलेजात काळा ब्लेझर आणि टाय सक्तीचा होता. घाऊक ऑर्डर, सगळ्यांना सारखाच, एस-एम-एल-एक्सएल. ज्या कंपन्या यायच्या त्यांतल्या निम्म्यांचे लोक स्वतः पोलो टी-शर्ट घालून मुलाखत घ्यायचे. मला एका मुलाखतीत लिंक्ड लिस्ट उलटी करायला सांगितली. हा प्रश्न मी झोपेत सोडवू शकतो. पण टायची गाठ गळ्यावर, बकरमची कॉलर कानाखाली आणि अस्तर दोन्ही दंडांना चिकटलेलं, अशा अवस्थेत माझ्या डोक्यात लिंक्ड लिस्टसाठी जागाच नव्हती. मी कॉलरमध्ये बोट घालून मान फिरवत राहिलो. नंतर निरोप आला की टेक्निकल बरं आहे पण 'आत्मविश्वास कमी वाटतो'. त्यांनी काय मोजलं? प्रोग्रामिंग नक्कीच नाही. पॉलिएस्टर सहन करण्याची क्षमता मोजली आणि निकालपत्रकावर तिला व्यक्तिमत्त्व असं नाव दिलं. आजही शेकडो कॉलेजांत हेच चालतं आणि याला 'इंडस्ट्री रेडी' करणं म्हणतात. जी इंडस्ट्री म्हणे आम्हाला असं हवी आहे, तिच्यात मी पाच वर्षं काम करतोय. टाय घातलेला माणूस मला ऑफिसात अजून दिसलेला नाही.

पण कचेरी आणि मुलाखत हे त्यातल्या त्यात सोपं प्रकरण. तिथे निदान नियम लिहिलेले असतात, त्यांच्याशी भांडता येतं. लग्नात नियम लिहिलेले नसतात आणि तिथे भांडलं तर आईला ऐकून घ्यावं लागतं.

कोकणातली लग्नसराई म्हणजे एप्रिल-मे. मुंबईहून सगळे आलेले, हॉलमध्ये हवा हलत नाही, बँड नाहीतर डीजे, अत्तर, गुलाबपाणी, दारातच फेटेवाला. हा फेटेवाला अलीकडचा. पूर्वी वराकडच्या चार मानकऱ्यांना फेटा बांधायचे, आता दिसेल त्या पुरुषाला पकडतात. डोक्यावर कुणीतरी आठ-नऊ मीटर कापड करकचून आवळतो, कानावरून घेतो, आणि वर 'भारी दिसताय' म्हणतो. मग मंगलाष्टकं. मग अक्षता, ज्यांतल्या निम्म्या कॉलरमधून पाठीत उतरतात. आपल्याला हे सगळं प्रेमाचं वाटतं आणि ते असतंही. पण आता व्हॉट्सअॅपवर पत्रिकेखाली रंगांचं वेळापत्रक येतं: मेंदीला हिरवं, हळदीला पिवळं, सीमांतपूजनाला जांभळं, रिसेप्शनला 'वेस्टर्न'. म्हणजे दोन दिवसांत चार नवे, न धुतलेले, घाईत शिवलेले किंवा ऑनलाइन मागवलेले पोशाख. एरवी घरात एक झब्बा तरी सोसवणारा असतो. त्याचा रंग वेळापत्रकात बसत नाही म्हणून तो बाद.

गेल्या वर्षी आमच्या नात्यातल्या एका लग्नाला नवऱ्या मुलाची सख्खी बहीण आली नाही. आली नाही म्हणजे देवरूखातच होती, हॉलपासून दहा मिनिटांवर, घरी. तिचा अकरा वर्षांचा मुलगा ऑटिझम असलेला आहे. त्यानं शेरवानी घालायला नकार दिला, दोनदा घातली, दोनदा फाडायला निघाला. कुणीतरी वडीलधाऱ्यानं म्हटलं, राहू दे, त्याला घरीच ठेवा, त्याला काय कळतंय. मुलगा घरी म्हणजे आई घरी. भावाच्या लग्नाच्या अल्बममध्ये ती नाही. करवली दुसरीच कुणीतरी झाली. त्या मुलाकडे दोन जुने मऊ सुती सदरे होते, स्वच्छ, एक पांढरा, एक आकाशी. त्यातला एक घालून तो आला असता तर कुणाचं काय बिघडलं असतं? फोटोत एक सदरा कमी चमकला असता. आता फोटोत एक बहीण कमी आहे.

इथे मला दुसऱ्या बाजूशीही भांडायचं आहे, कारण ती आपल्याला आपली वाटते. ती बाजू म्हणते, कपड्यांचं एवढं काय, आतला माणूस बघा, मुलाला ट्रॅकपँटमध्येच आणा, ज्याला जे आवडतं ते घालू दे. ऐकायला छान आहे. पण असं म्हणणारे स्वतः कडक इस्त्रीत आलेले असतात. ट्रॅकपँटमधलं एकच मूल दोनशे नटलेल्या माणसांत उभं राहिलं की त्याच्याबद्दल जे बोललं जातं ते त्याला कळतं. ज्यांना बोलता येत नाही त्यांनाही कळतं. 'त्याला काय कळतंय' हे वाक्य शेरवानी लादतानाही वापरतात आणि ट्रॅकपँटवर सोडून देतानाही. दोन्हीकडे अर्थ एकच, हा माणूस पुरता धरलेला नाही.

कपडा ही वरवरची गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्याच कोकणातल्या महाडची आठवण ठेवावी. डिसेंबर १९२७ मध्ये तिथे सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. आंबेडकर स्त्रियांसमोर बोलले, तेव्हा लुगडं कसं नेसावं, कुठले दागिने टाकून द्यावेत हे त्यांनी आवर्जून सांगितलं. कारण गुडघ्याच्या वर नेसलेलं लुगडं आणि ठरावीक दागिने ही जातीची खूण करून ठेवली होती. चांगला कपडा नाकारणं हा माणसाला खाली ठेवण्याचा जुना मार्ग आहे. बाबासाहेबांचा स्वतःचा सूट हा याच लढाईचा भाग होता, त्याला साहेबी थाट म्हणणाऱ्यांना ती लढाई कळलेली नाही. म्हणून नटण्याचा हक्क मला हवा आहे. बहिणीच्या, भावाच्या, मित्राच्या लग्नात मला चांगलं दिसायचं आहे. फक्त त्यासाठी कातडी देणार नाही.

साधं राहण्याची मुभासुद्धा मोठ्यांनाच असते हे लक्षात घ्या. १९३१ साली गांधीजी बकिंगहॅम राजवाड्यात पंचम जॉर्जला भेटले ते पंचा आणि शाल पांघरून. ते गांधी होते. मार्क झुकरबर्ग वर्षानुवर्षं राखाडी टी-शर्टात वावरला, लोकांनी त्यात तत्त्वज्ञान शोधलं. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकन सिनेटसमोर जाब द्यायला बोलावल्यावर तोही सूट-टाय घालून गेला. म्हणजे कपड्याचा नियम हा तुमच्याकडे किती सत्ता आहे यावर ठरतो. कंपनीच्या मालकानं टी-शर्ट घातला तर तो साधा माणूस, प्रशिक्षणार्थी पोरानं घातला तर त्याला 'प्रोफेशनलिझम' नाही.

मग 'सवय होईल' वाले. यांची संख्या सर्वांत जास्त. रोज थोडा थोडा वेळ घाला, हळूहळू वाढवा, जमतं. काही मुलांना काही कापडांची हळूहळू ओळख होते हे खरं आहे, आणि ते मुलाच्या मर्जीनं, त्याच्या वेगानं होत असेल तर माझी हरकत नाही. पण बहुतेक वेळा जे होतं ती सवय नसते. मूल सांगणं सोडून देतं. चेहरा शांत ठेवायला शिकतं. घरी आल्यावर दार लावून सगळे कपडे भिरकावतं आणि दोन तास कुणाशी बोलत नाही. आईवडिलांना वाटतं, बाहेर किती छान वागला, घरी आल्यावर काय होतं कुणास ठाऊक. बाहेर छान वागला तेच घरी होतं.

टेंपल ग्रँडिन हे नाव तुम्ही ऐकलं असेल. १९४७ साली जन्मलेली, गुरांच्या वागणुकीवर काम करणारी अमेरिकन शास्त्रज्ञ, स्वतः ऑटिझम असलेली. लहानपणी रविवारी चर्चला जाताना घालावे लागणारे खळ केलेले फ्रॉक आणि परकर तिला सँडपेपरसारखे घासायचे, असं तिनं लिहून ठेवलंय. तिला सवय झाली का? नाही. तिनं स्वतःचा पोशाख ठरवला: भरतकामाचा काउबॉय शर्ट, गळ्याला रुमाल, आणि आत जुना धुऊन मऊ झालेला टी-शर्ट. याच वेषात ती व्याख्यानं देते, पारितोषिकं घेते. बाहेरून पाहणाऱ्याला ती झकास नटलेली दिसते. आत काय आहे तो तिचा प्रश्न. हीच बाई स्वतःला घट्ट दाबून घेण्यासाठी एक यंत्र बनवून त्यात शिरायची, कारण हलका स्पर्श नको पण खोल दाब हवा, असंही असतं. मला करकचून बांधलेला बेल्ट नको वाटतो. माझ्या ओळखीच्या एका मुलीला परकराची नाडी घट्ट आवळल्याशिवाय साडीत चैन पडत नाही, तिचा वैरी वेगळाच, खांद्यावर भुरभुरणारा पदर. त्यामुळे 'ऑटिझमसाठी खास गणवेश' काढू असं कुणाला सुचलं असेल तर कृपा करून नको. विचारा. प्रत्येकाला विचारा.

एवढी मोकळीक दिली तर रीतिरिवाज कोसळतील, असं म्हणणाऱ्यांसाठी आपल्याच घरातलं उदाहरण देतो. सोवळ्याबद्दल मला काडीचं प्रेम नाही, शिवाशिवीच्या विचारातून आलेली ती गोष्ट आहे. पण तिच्या आतली रचना बघा. सोवळं म्हणून रेशमी मुकटा किंवा कद चालायचा, लोकरीची धाबळी चालायची, आणि दोन्ही नसेल तर धुऊन कुणाचा हात न लागता वाळवलेलं सुती वस्त्रही चालायचं. पर्याय तीन. ज्या कर्मठपणाची आपण आज चेष्टा करतो त्यानंसुद्धा कापडाच्या बाबतीत माणसाला निवड दिली होती. आमच्या प्लेसमेंट ऑफिसनं दिली नाही.

किंवा मार्लेश्वराला या. देवरूखहून जवळच, मारळच्या डोंगरात. दर मकर संक्रांतीला तिथे मार्लेश्वराचं साखरप्याच्या गिरिजादेवीशी लग्न लागतं. प्रत्यक्ष देवाचं लग्न, विधी सगळे यथासांग. आणि वऱ्हाडी? हजारो माणसं, कुणी चालत आलेली, कुणी पायऱ्या चढून घामाघूम झालेली, शर्ट बाहेर, लुगडं खोचलेलं, पोरं अर्ध्या चड्डीत. या लग्नाला कुणी कधी 'ड्रेसकोड नव्हता' म्हणून कमी लेखलेलं मी ऐकलेलं नाही.

कायद्याचं बोलायचं तर २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ऑटिझम आहे, आणि 'वाजवी सोय' ही कल्पनाही आहे: इतरांच्या बरोबरीनं हक्क वापरता यावेत म्हणून करायचे योग्य ते बदल, समोरच्यावर अवाजवी ओझं न टाकता. सरकारी आस्थापनांवर तर ती देण्याचं बंधनच आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अशी सोय नाकारणं हा भेदभावच आहे. तो खटला परीक्षेत लेखनिक मिळण्याचा होता. शर्ट न खोचू देण्याची सोय लेखनिक देण्यापेक्षा स्वस्त आहे. तिला शून्य रुपये लागतात.

आणि सवलतीनं शिस्त बिघडते म्हणाल, तर वकिलांकडे बघा. काळा कोट हे त्यांच्या धंद्याचं चिन्ह. तरी बार कौन्सिलच्या नियमांनुसार उच्च आणि सर्वोच्च न्यायालय सोडून इतर न्यायालयांत उन्हाळ्यात तो सक्तीचा नाही. न्यायदान थांबलं नाही. २०१० साली भोपाळच्या एका पदवीदान समारंभात तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी अंगावरचा झगा व्यासपीठावरच काढून टाकला आणि त्याला वसाहतवादाचा रानटी अवशेष म्हटलं. पदव्या मिळाल्याच. मंत्र्याला उकडलं तर ती राष्ट्रीय भूमिका होते. एखाद्या पोराला उकडलं तर तो हट्ट.

'मग काय, उद्या सगळेच म्हणतील मला टोचतं.' हा आक्षेप मी इतक्यांदा ऐकलाय की त्याचं उत्तर पाठ आहे. म्हणू देत. सगळ्यांनाच टोचत असेल तर कापड बदला. आणि प्रमाणपत्र कसलं मागता? या देशात मोठ्या वयाच्या किती माणसांना निदान मिळतं, त्यासाठी किती खेटे घालावे लागतात हे मी केलेलं आहे. कॉलरचं बटण उघडं ठेवायला जिल्हा रुग्णालयाचा शिक्का लागणार असेल तर ती सोय नव्हे.

काय करायचं ते फार अवघड नाही. देवरूखच्या बाजारात आजही असे शिंपी आहेत की ज्यांना 'कॉलरला बकरम नको, शिवणी आतून दुमडून घ्या, बंद गळ्याच्या कोटाला पॉलिएस्टरऐवजी मलमलचं अस्तर लावा' एवढं सांगितलं की पुरतं. ते एकदा चमकून बघतात आणि शिवून देतात. माझा बंद गळ्याचा कोट असाच झालाय, बाहेरून गडद निळा आणि झोकदार, आतून आजीच्या जुन्या सुती पातळासारखा. कापड आधी पाच-सहा वेळा धुऊन घेतलं होतं. यासाठी समारंभाची तारीख आणि अपेक्षा मला महिनाभर आधी कळायला लागते, आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर नाही.

शिक्षण विभागानं त्या शासन निर्णयात एक ओळ घालावी: स्पर्शाच्या किंवा आरोग्याच्या अडचणीमुळे कापड, बाही, खोचणं, पादत्राणं यांत बदल हवा असेल तर शिक्षकानं तोंडी सांगणं पुरेसं आहे. कॉलेजांच्या प्लेसमेंट विभागांनी 'ब्लेझर व टाय' खोडून 'स्वच्छ, इस्त्री केलेला पूर्ण पोशाख' लिहावं; ब्लेझर आवडणारे तो घालतीलच. एचआरनी ऑफर लेटरसोबत सतरा पानं पाठवता तशी आणखी एक ओळ पाठवावी. आणि ज्यांच्या घरी येत्या मे महिन्यात कार्य आहे त्यांनी पत्रिका पाठवताना रंगांच्या खाली लिहावं की मुलाला जे मऊ लागतं ते घालून आणा, पण आणा. हॉलमध्ये एक खोली पंखा लावून रिकामी ठेवा. फेटेवाल्याला आधीच सांगून ठेवा, मागेल त्यालाच बांध.